सार्वजनिक जमिनीवरील सुवर्णदावे : कॅलिफोर्नियातील रूढी ते १८७२ चा अमेरिकन खाणकायदा

प्रस्तावना

दि. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे सटरच्या लाकूड-गिरणीचे बांधकाम चालू असताना जेम्स मार्शल यास सोन्याचे कण आढळले. त्यानंतर नऊच दिवसांनी, ग्वादालूप हिदाल्गोच्या तहान्वये, मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेच्या स्वाधीन केला. परिणामी सोन्याचा बहुतेक प्रदेश अमेरिकन संघराज्याची सार्वजनिक जमीन ठरला. सरकारी जमिनीतील सोन्यावर खोदणाऱ्याचा हक्क कसा निर्माण झाला आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची पोकळी

मेक्सिकन कायद्यानुसार खाणीची सरकारदरबारी नोंद करून ती चालविण्याचा परवाना मिळविता येत असे. कॅलिफोर्नियाचे लष्करी गव्हर्नर कर्नल रिचर्ड मेसन यांनी फेब्रुवारी १८४८ मध्ये ही पद्धत रद्द केली. मात्र तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था आली नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेसन यांनी सुवर्णक्षेत्रास भेट दिली. प्रदेशाचा विस्तार आणि हाताशी असलेले तुटपुंजे सैन्य पाहता खोदकामात हस्तक्षेप न करण्याचे त्यांनी ठरविले. खनिजयुक्त जमिनीसंबंधी सर्वसाधारण कायदा अमेरिकन काँग्रेसने १८६६ पर्यंत केला नाही. या अठरा वर्षांत सोने काढणारे सर्वजण तांत्रिकदृष्ट्या सरकारी जमिनीवरील अतिक्रमक होते.

रूढींची घडण

या पोकळीत सुवर्णशोधकांनी आपले नियम आपणच केले. ठिकठिकाणी सभा भरवून 'खाण-जिल्हे' स्थापन करण्यात आले. नियमांचा तपशील स्थानपरत्वे भिन्न असला तरी त्यांचा गाभा समान होता. सोने प्रत्यक्ष सापडले पाहिजे, दाव्याच्या सीमा खुणांनी दाखविल्या पाहिजेत, त्याची नोंद झाली पाहिजे आणि त्यावर काम चालू राहिले पाहिजे. ठरावीक मुदतीत काम न झाल्यास दावा सोडून दिला असे मानले जाई आणि दुसऱ्यास तो घेता येई. दाव्याचे आकारमानही मर्यादित असे. थोडक्यात, हक्काचा आधार मालकी नसून श्रम हा होता आणि श्रम थांबताच हक्कही संपुष्टात येई.

कॅलिफोर्नियाच्या १८५१ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्याने खाण-जिल्ह्यांच्या रूढी न्यायालयात ग्राह्य ठरविल्या. ही तरतूद घडविण्यात पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले स्टीफन फील्ड यांचा मोठा वाटा होता. १८५५ च्या अर्विन विरुद्ध फिलिप्स खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्रथम वापर करणाऱ्याचा हक्क प्रथम' हे तत्त्व खाणींसाठी वळविलेल्या पाण्यासही लागू केले.

समतेच्या मर्यादा

या सभांचे वर्णन अनेकदा सीमाप्रदेशातील लोकशाही असे केले जाते. परंतु ही समता सर्वांसाठी नव्हती. १८५० च्या कायद्याने परदेशी सुवर्णशोधकांवर दरमहा २० डॉलर इतका कर बसविला. मेक्सिकन व अन्य स्पॅनिशभाषक त्यामुळे मोठ्या संख्येने बाहेर पडले. तो कर १८५१ मध्ये रद्द झाला. परंतु १८५२ मध्ये कमी दराने पुन्हा लागू झाला आणि त्याचा भार प्रामुख्याने चिनी लोकांवर पडला. मूळ रहिवाशांची स्थिती याहून बिकट होती. १८५१-५२ मध्ये त्यांच्याशी केलेल्या अठरा तहांना सिनेटने मान्यता नाकारली. ज्या जमिनीस 'सार्वजनिक' म्हटले गेले ती या लोकांची वसतिस्थाने होती. परंतु 'प्रथम वापर' मोजताना त्यांचा वापर जमेस धरला गेला नाही.

रूढीकडून कायद्याकडे

नेव्हाडाचे सिनेटर विल्यम स्ट्युअर्ट यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८६६ च्या कायद्याने खनिजयुक्त सार्वजनिक जमीन शोध व ताब्यासाठी खुली केली आणि स्थानिक रूढींना मान्यता दिली. १८७० मध्ये नदीगाळातील सोन्याच्या जमिनीही त्यात आल्या. दि. १० मे १८७२ च्या कायद्याने या तरतुदी एकत्र केल्या. खडकातील शिरेवरील दाव्याची कमाल लांबी १५०० फूट आणि रुंदी ६०० फूट ठरली; गाळातील दाव्यासाठी प्रत्येक व्यक्तीस २० एकरांची मर्यादा होती. दावा टिकविण्यासाठी दरवर्षी १०० डॉलर किमतीचे काम आवश्यक होते. हा हक्क नागरिकांना आणि नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेल्यांनाच होता. तत्कालीन कायद्यानुसार चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळत नसल्याने नवा दावा करण्याचा मार्ग त्यांना बंद झाला.

या कायद्याने रूढींच्या गाभ्यात एक महत्त्वाचा बदल घडविला. ५०० डॉलरचे काम आणि शिरेसाठी एकरी ५ डॉलर किंवा गाळासाठी एकरी अडीच डॉलर एवढ्या मोबदल्यात जमिनीचे पेटंट, म्हणजे पूर्ण मालकी, मिळू लागली. श्रमाची अट असलेला हक्क अशा रीतीने कायमच्या मालमत्तेत रूपांतरित झाला. काढलेल्या सोन्यावर संघराज्यास स्वामित्वधन देण्याची तरतूद मात्र कायद्यात नव्हती.

पुढील फेरबदल

पाण्याच्या प्रचंड झोताने डोंगर फोडणाऱ्या कंपन्यांचा गाळ नद्यांतून शेतांवर पसरू लागला, तेव्हा वुडरफ विरुद्ध नॉर्थ ब्लूमफील्ड खटल्यात न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी १८८४ मध्ये त्यास मनाई केली. १९२० मध्ये तेल, कोळसा इत्यादी खनिजे भाडेपट्टा पद्धतीखाली आली; सोने मात्र जुन्याच कायद्याखाली राहिले. १९७६ च्या कायद्याने दाव्यांची संघराज्याकडे नोंद सक्तीची केली आणि १९९४ पासून नव्या पेटंट-अर्जांवर काँग्रेसने बंदी घातली.

निष्कर्ष

फावडे व परात घेतलेल्या माणसाचे श्रम गृहीत धरून खाण-जिल्ह्यांचे नियम घडले. लहान दावा आणि अखंड काम या अटी परस्परांवरील अंकुश होत्या. कायद्याने मुक्त प्रवेशाचे तत्त्व उचलले. अंकुश मात्र सैल केला. आकारमानाची मर्यादा एकेका दाव्यापुरती उरल्याने अनेक दावे एकत्र करणाऱ्या कंपन्यांना तिचा अडथळा राहिला नाही. म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही सार्वजनिक जमिनीतील सोन्यावर संघराज्याचे स्वामित्वधन नाही. रूढीला कायद्याचे रूप देताना ती कोणी केली, कोणासाठी केली आणि कोणास वगळून केली, हे तपासणे का आवश्यक असते, याचे हे बोलके उदाहरण होय.