वाक्यातून हरवलेला कर्ता

एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही वेदीजवळून सूचना वाचली : ‘येत्या रविवारी युवक समितीद्वारे ज्येष्ठ नागरिकांसाठी स्नेहभोजनाचे आयोजन करण्यात आलेले आहे.’ मंदिराबाहेर एका आजींनी आम्हांला थांबवले. “फादर, म्हणजे जेवायला घालणार कोण?” आम्ही म्हणालो, “आजी, आपली तरुण मुले तुम्हांला जेवू घालणार आहेत.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग तसंच सांगायचं होतं की!”

आजींचे ते बोल आमच्या मनाला लागून राहिले. आमच्या सूचनेत एकही इंग्रजी शब्द नव्हता आणि तरीही ती मराठी नव्हती. शब्दांचा पेहराव देशी, पण आतला सांगाडा इंग्रजी. हा सांगाडा आपल्या तोंडी कसा आला, ह्याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

परकीय शब्दांचे भय मराठीला कधीच नव्हते. फारसीने आपल्याला अर्ज, हुकूम आणि दप्तर दिले. पोर्तुगिजांनी पाव, चावी आणि पगार दिला. हे शब्द पाहुणे म्हणून आले, मराठी विभक्तिप्रत्यय ल्याले आणि घरचेच झाले. शब्द घरात येतो तेव्हा एका खोलीत राहतो. वाक्यरचना येते तेव्हा मात्र घराच्या भिंतीच हलवते.

परकीय माणूस आला म्हणजे परकीय वाक्यरचना आलीच पाहिजे असे नाही, ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी संतकवींच्या वळणाने चालतो. स्टीफन्सनी इंग्रजीत वाक्य जुळवून ते मराठीत उतरवले नाही. ते आधी ओवी ऐकायला शिकले.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. विल्यम कॅरी ह्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे पंडित वैजनाथांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला आणि 1805 साली मराठीचे व्याकरण छापले. नंतर मुंबई इलाख्यात शाळा निघाल्या. त्यांतील अनेक क्रमिक पुस्तके इंग्रजीवरून भाषांतरित केलेली होती. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेही इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत. एकच मजकूर दोन भाषांत सांगण्याची सवय लेखणीला जडली की एका भाषेची चाल दुसरीत उतरणारच.

ह्या सहवासाने आपल्याला काही दिलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मेजर थॉमस कँडी ह्यांच्यासारख्यांच्या खटपटीने स्वल्पविराम, पूर्णविराम आदी चिन्हे मराठी गद्यात रुळली. ‘प्रकाश टाकणे’, ‘भाग घेणे’, ‘सिंहाचा वाटा’ ह्या इंग्रजी वळणाच्या लकबी आज कोणालाही खटकत नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू करून मराठीच्या तत्कालीन अवस्थेवर कोरडे ओढले. पण त्यांच्या स्वतःच्या भारदस्त गद्यावर जॉन्सन आणि मेकॉले ह्यांचा ठसा होता. ह्या बाबतीत सोवळे कोणीच नाही.

मग खटकते ते काय? ‘तो येईल असे मला वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या घरात आज ‘मला नाही वाटत की तो येईल’ ऐकू येते. ‘मी शिक्षक आहे’ ह्याचे ‘मी एक शिक्षक आहे’ झाले. ‘काल जो माणूस आला तो माझा मामा’ ह्या सरळ बोलण्याऐवजी ‘तो माणूस, जो काल आला होता, माझा मामा आहे’ असे अडखळत बोलले जाते. आंघोळ पूर्वी करीत, आता ‘घेतात’. ह्यांतले काही पचेल, काही गळून पडेल. पण कर्त्याला ‘द्वारे’च्या आड लपवणारी जी रचना आहे, ती आम्हांला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यामुळे काम कोणाचे हेच कळेनासे होते.

ह्यात आमचाही दोष आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि लोकभाषेला वेदीपाशी स्थान मिळाले. लॅटिन प्रार्थना मराठीत आणताना ‘ख्रिस्ताद्वारे’ हा शब्द आला, तो योग्यच होता. ख्रिस्त हा पिता आणि मानव ह्यांच्यामधला मध्यस्थ, ही श्रद्धा त्या एका प्रत्ययात साठलेली आहे. परंतु आम्ही धर्मगुरूंनी सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतून शिकून, इंग्रजीत प्रवचनाचा विचार करून, तोच ‘द्वारे’ जेवणावळीपासून वर्गणीपर्यंत सर्वत्र लावला. पवित्र कामासाठी आणलेले पात्र आम्ही रोजच्या भांड्यांत मिसळून टाकले.

2013 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. धर्मग्रंथाची मराठी सुबोध असावी, ही अपेक्षा त्या नावातच आहे. धर्मग्रंथासाठी जी अपेक्षा, ती सूचनाफलकासाठी का नसावी?

आता आम्ही रविवारची सूचना वाचण्यापूर्वी स्वतःलाच आजींचा प्रश्न विचारतो : घालणार कोण? करणार कोण? चुकले कोण? उत्तर वाक्यात सापडले नाही, तर वाक्य पुन्हा लिहितो. पापनिवेदनासाठी गुडघे टेकणारा माणूस ‘माझ्याद्वारे पाप केले गेले’ असे म्हणत नाही. तो ‘मी पाप केले’ असे म्हणतो, आणि त्या ‘मी’पासूनच क्षमेची वाट सुरू होते.