चूक वैमानिकाची की कॉकपिटची?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाला एका विचित्र अपघाताने हैराण केलं होतं. बी-१७ बॉम्बर सुखरूप परतायचं, धावपट्टीवर नीट उतरायचं आणि मग वैमानिक फ्लॅप्सऐवजी चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. चौकशीच्या कागदावर कारण ठरलेलं: वैमानिकाची चूक.

१९४३ मध्ये राइट फील्डच्या प्रयोगशाळेतल्या आल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने याचा छडा लावायला घेतला. नोंदींमधून काय घडलं ते कळत होतं, का घडलं ते नाही. म्हणून त्याने कॉकपिटच तपासलं. चाकांचा आणि फ्लॅप्सचा स्विच शेजारीशेजारी, दिसायला जवळपास सारखे! मग त्याने दुसऱ्या विमानाशी तुलना केली. सी-४७ मध्ये हीच नियंत्रणं एकमेकांपासून दूर होती, चालवायची पद्धतही वेगळी होती. तिथे ही चूक होतच नव्हती. चॅपानिसने उपाय सुचवला तोही साधाच: चाकांच्या नियंत्रणावर छोटं रबरी चाक बसवा, फ्लॅप्सच्या नियंत्रणावर पाचरीच्या आकाराचा तुकडा.

पण हा दोष फक्त एकाच विमानाचा असला तर? पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या मुलाखती घेतल्या, लेखी अनुभव मागवले. १९४७ च्या त्यांच्या अहवालात नियंत्रणं वापरतानाच्या ४६० चुकांची वर्गवारी आहे. त्यातल्या निम्म्या चुका एकाऐवजी दुसरंच नियंत्रण हलवल्याच्या. एकट्या चाकं-फ्लॅप्स गोंधळाचा वाटा १६ टक्के. त्याच वर्षी विल्यम जेंकिन्सने कोणते आकार नुसत्या स्पर्शाने ओळखता येतात, याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

यातली प्रत्येक पद्धत एकेकटी लंगडी आहे. मुलाखतीत माणूस आठवेल तेवढंच सांगतो. प्रयोगशाळेत थकवा आणि भीती नसते. निरीक्षणातून एखादं कॉकपिट कळतं, पण ही चूक किती ठिकाणी होते ते कळत नाही. मात्र वेगवेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं एकाच जागी भेटली, की त्यांच्यावर भिस्त ठेवता येते.

आज आमच्या धंद्यात डॅशबोर्डवर दिसतं, की लोक पेमेंटच्या स्क्रीनवरून परत फिरतात. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, 'युजरला कळत नाही.' हे वाक्य म्हणजे तोच जुना चौकशीचा कागद. अशा वेळी चार युजर्सना फोन करावा, दोघांच्या शेजारी बसून ते ॲप कसं वापरतात ते बघावं. प्रवासी विमानांत चाकांच्या लिव्हरला आजही चाकाच्याच आकाराची मूठ असते, ती वैमानिकाला दोष देऊन कोणी थांबलं नाही म्हणून.