चांद्याची खंजिरी

जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली. तेथील गोंदोड्याच्या अरण्यांत तप केलेले तुकडोजीमहाराज (१९०९–१९६८) पुढें खंजिरी घेऊन गांवोगांव हिंडले. भजनें ते स्वतः रचीत व स्वतःच गात. भाषा साधी मराठी वा हिंदी, वाद्य एका हातांत मावणारें. त्यामुळें निरक्षर श्रोत्यालाही पद सहज पाठ होई. वर्तमानपत्र जप्त करतां येतें. कंठस्थ गीत कसें जप्त करावें? १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीस, चिमूर पेटलें. त्यानंतर सरकारनें गायकालाच धरलें आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविलें. भजनें मात्र गांवोगांव राहिलीं. १९५५ सालीं महाराज जपानमधील विश्वधर्म परिषदेसही गेले.