चिनी लिपिचिन्हांचे वाचन आणि मेंदू

चिनी लिपीतील चिन्ह (हान्झी) नजरेला पडल्यापासून त्याचा उच्चार व अर्थ मनात उमटेपर्यंत मेंदूत चालणारी प्रक्रिया. चिनी वाचक चित्रे पाहतो आणि त्यासाठी मेंदूचा उजवा गोलार्ध वापरतो, ही समजूत अजूनही सर्रास छापली जाते. प्रयोगांत ती टिकलेली नाही. या वाचनात आवाजाचा वाटा मोठा आहे आणि हाताचाही आहे. यातला हाताचा वाटा बराच काळ दुर्लक्षित राहिला.

चिन्हांची घडण : आजच्या चिन्हांपैकी बहुसंख्य चिन्हे जोडघडणीची आहेत. एक घटक अर्थाचा अंदाज देतो, दुसरा उच्चाराचा. ‘छिंग’ (निळा-हिरवा) या चिन्हाला डावीकडे पाण्याची खूण जोडली की ‘नितळ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’, हृदयाची जोडली की ‘भावना’ आणि वाणीची जोडली की ‘विनंती करणे’ असा अर्थ होतो. चारही चिन्हांचा उच्चार छिंग. फरक असलाच तर सुराचा. मात्र शतकानुशतके उच्चार बदलत गेल्याने ही खूण पुष्कळदा फसवी ठरते. देवनागरी वाचणारा कधी न पाहिलेला शब्दही अक्षरे जुळवत मोठ्याने वाचू शकतो. चिनीत ती सोय नाही. चिन्हाचा अमुक तुकडा म्हणजे आवाजाचा अमुक तुकडा, असे नाते तिथे नसते. आवाज अख्खा आठवावा लागतो.

मेंदूतील मार्ग : दृष्टिकेंद्रातून निघालेली माहिती डाव्या गोलार्धाच्या तळाशी, शंखखंड व पश्चखंड यांच्या सीमेवर असलेल्या फ्युसिफॉर्म वळीत पोहोचते. फ्रेंच संशोधक लॉरां कोएन व स्तानिस्लास देहेन यांनी २००० साली या वळीजवळच्या एका पट्ट्याला ‘दृश्य शब्दरूप क्षेत्र’ असे नाव दिले. लिपी रोमन असो वा चिनी, सराईत वाचकाच्या मेंदूत हाच पट्टा जागा होतो. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या नोंदींत चिन्ह पाहिल्यावर साधारण १७० ते २०० मिलिसेकंदांत त्याची पहिली ओळख पटल्याची खूण दिसते. चिनी वाचताना उजव्या गोलार्धातील समोरासमोरचा भागही अनेक अभ्यासांत अधिक सक्रिय आढळला आहे. चौकटीत कोणता घटक कुठे बसला आहे हे पाहण्याचे काम तिथे होत असावे, असे मानतात.

उजव्या गोलार्धाची समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. ओविड त्झेंग व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये चिन्हे क्षणभर डावीकडे किंवा उजवीकडे दाखवून वाचकांची चाचणी घेतली. सुटे चिन्ह डावीकडे, म्हणजे ज्या बाजूचे दृश्य आधी उजव्या गोलार्धात पोहोचते तिथे दाखवले तर ते अधिक चांगले ओळखले जाई. दोन चिन्हांचा शब्द होताच पारडे डाव्या गोलार्धाकडे झुके. लोकप्रिय लेखनाने पहिला निष्कर्ष उचलला, दुसरा सोडून दिला. प्रत्यक्षात आधुनिक चिनीतले बहुतेक शब्द दोन चिन्हांचेच असतात.

आवाज : मनातल्या मनात वाचतानाही चिनी वाचक उच्चारापासून सुटत नाही. चार्ल्स पर्फेटी व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दोन चिन्हांचा अर्थ सारखा आहे का, एवढेच विचारले होते. चिन्हे समोच्चारी असली की ‘नाही’ म्हणायला वाचकांना जास्त वेळ लागे, म्हणजे न विचारलेला उच्चार आपणहून मध्ये येई. आधी अर्थ की आधी उच्चार, हा वाद मात्र चालूच आहे.

हात : चीनच्या शालेय अभ्यासक्रमानुसार प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला सुमारे ३००० चिन्हे ओळखता आणि त्यांतील २५०० लिहिता यायला हवीत. त्यासाठी चौकटींच्या वहीत रेघांचा ठरलेला क्रम पाळून तेच चिन्ह पुन्हा पुन्हा गिरवतात. याचा परिणाम प्रौढपणीही दिसतो. एखादे अवघड चिन्ह आठवेना की माणसाचे बोट तळहातावर किंवा हवेत आपोआप रेघा ओढू लागते. जपानमध्येही ही सवय आहे आणि तिथे तिचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. किमिहिरो नाकामुरा, देहेन आदींनी २०१२ मध्ये फ्रेंच व चिनी वाचकांची तुलना केली. दोन्ही गटांत आकार ओळखणाऱ्या क्षेत्राबरोबरच ललाटखंडातील, लेखनाच्या हालचाली सांभाळणारे एक्सनर क्षेत्रही वाचताना कामाला लागत होते. हालचालींचा प्रभाव चिनी वाचकांत अधिक होता.

याच परिसरातील डाव्या मध्य-ललाट वळीवरून मोठा वाद झाला. हाँगकाँग विद्यापीठातील वाय टिंग सिओक, ली-हाय तान व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की वाचनाक्षमता (डिस्लेक्सिया) असलेल्या चिनी मुलांत ही वळी कमी सक्रिय असते. पाश्चात्त्य मुलांतला दोष मुख्यतः डाव्या शंख-पार्श्व भागात सापडत आला होता. त्यावरून लिपीगणिक डिस्लेक्सियाचे मूळ वेगळे, असा अर्थ निघाला. २०१० मध्ये चिनी व इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना एकच काम देऊन केलेल्या तुलनेत मात्र दोन्हीकडच्या डिस्लेक्सियात बरेच साम्य आढळले. पहिल्या निष्कर्षाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी या तुलनेला मिळाली नाही.

मेंदूला इजा झालेल्या जपानी रुग्णांचा पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. जपानीत चिनी मूळची कांजी आणि उच्चारदर्शक काना या दोन्ही लिप्या एकाच वाक्यात येतात. काही रुग्णांची कांजी जाते व काना शाबूत राहते, काहींचे उलट होते. माकोतो इवाता यांनी १९८४ मध्ये यावरून कांजीसाठी शंखखंडाच्या तळाचा आणि कानासाठी पार्श्वखंडाजवळचा, असे दोन मार्ग मांडले.

कळफलक : मोबाइल व संगणकावर बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार (पिनयिन) टाइप करतात आणि पुढे येणाऱ्या यादीतून चिन्ह निवडतात. यात ओळखणे उरते, रेघा उरत नाहीत. पेन हातात घेतल्यावर चिन्ह न आठवण्याला चिनीत ‘थीपी वांग्झ’ असा रूढ वाक्प्रचारच आहे. तान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची पाहणी केली. घरी पिनयिनने अधिक टाइप करणाऱ्या मुलांचे वाचन कच्चे, तर हाताने अधिक लिहिणाऱ्यांचे चांगले आढळले. हा केवळ सहसंबंध आहे. वाचन कच्चे असल्यामुळेही मूल हाताने लिहिणे टाळत असेल.