तेर (प्राचीन तगर)

महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील, त्याच नावाच्या तालुक्यात मोडणारा एक प्राचीन कसबा. मांजरेस मिळणाऱ्या तेरणा नदीच्या काठी हे गाव वसले असून, आजची वस्ती व तिच्या सभोवारच्या पांढरीच्या टेकड्या यांखाली सातवाहनकालीन तगर नगर दडलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगराचे स्थान दिले असून, तेथील जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे रवाना होई, असे नमूद केले आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले व ते पुढे मान्यता पावले. कोकणात अंमल असतानाही शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, इतका या नगराचा लौकिक चिरस्थायी होता.

गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्य ठरविले. सर्व अभ्यासकांना मात्र ते मत पटलेले नाही. पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटांसाठीही तेर प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन संत गोरा कुंभार यांची समाधी येथेच असून, चैत्र वद्य पक्षातील यात्रेस ‘गोरोबाकाकां’चे भक्त दूरदुरून येतात. मातीच्या कारागिरीचा येथील वारसा मात्र गोरोबांच्याही पूर्वी हजार वर्षांहून अधिक मागे जातो, आणि त्याची साक्ष गावातील शासकीय वस्तुसंग्रहालयात मिळते.

या संग्रहालयास तेरचे रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे, आणि ते सर्वथा यथार्थ आहे. कारण पावसाने टेकड्या धुपून किंवा नांगराच्या फाळास लागून जे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या व मृण्मूर्ती वर येत, ज्यांना एरवी पोरांच्या खेळात किंवा उकिरड्यावरच जागा मिळाली असती, त्यांचे मोल ओळखून या गृहस्थाने त्या आस्थेने जमविल्या व सांभाळल्या. पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या सुबक स्त्री-पुरुषप्रतिमा, रोमन घाटाचे दिवे आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती ही येथील ठळक रत्ने होत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्या मुळाशी या ग्रामीण संग्राहकाची दृष्टी होती, हे विसरता कामा नये. अशा वस्तू राजधानीतील भव्य दालनात न जाता जेथे घडल्या वा वापरल्या गेल्या तेथेच, टेकड्यांच्या सान्निध्यात राहिल्या, ही मोठीच इष्टापत्ती होय.

वेचून आणलेल्या वस्तूस मातीच्या थराचा आधार नसतो, आणि थराविना तिचा काळ केवळ घडणीवरून अजमावावा लागतो. ही उणीव बा. ना. चापेकर यांनी १९५८ साली केलेल्या उत्खननाने व त्यानंतरच्या उत्खननांनी अंशतः भरून काढली. तथापि जेथे घरे उभी आहेत तेथे कुदळ चालविता येत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या वा गुराख्याच्या हाती अकस्मात येणारी वस्तू हेच त्या जागेचे प्रमाण ठरते. मौल्यवान निधी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. परंतु कवडीमोल वाटणारे खापरसुद्धा संग्रहालयात देताना ते कोणत्या टेकडीवर, कोणत्या गट क्रमांकात व किती खोलीवर मिळाले, हे नोंदवहीत लिहवून घेणे अभ्यासाच्या दृष्टीने तितकेच आवश्यक आहे.