‘लपलेलं’ चर्च नेमकं कोणापासून लपलं होतं?

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागात कालव्याकाठी एक घर आहे. बाहेरून बघाल तर सतराव्या शतकातल्या कुठल्याही व्यापाऱ्याचं वाटेल. आत दिवाणखाना, स्वयंपाकघर, अरुंद जिने. चढत चढत वर गेलात की एकदम समोर अख्खं कॅथलिक चर्च! वेदी, ऑर्गन, दोन्ही बाजूंना एकावर एक सज्जे. मजल्यांच्या जमिनी मधोमध कापून ही उंची मिळवली आहे. जागेची तंगी इतकी की प्रवचनाचं व्यासपीठसुद्धा वेदीतच दडवलंय, लागेल तेव्हा बाहेर ओढायचं.

यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ मध्ये हे घर घेतलं आणि १६६३ पर्यंत माळ्यावर चर्च उभं केलं. १५७८ मध्ये शहराची सत्ता कॅल्व्हिनपंथीयांकडे गेली होती आणि कॅथलिकांना उघडपणे उपासना करायला बंदी होती. गंमत अशी की १५७९ च्या उट्रेख्ट कराराने श्रद्धेवरून कुणाचा छळ करायचा नाही, असंही ठरवलेलं होतं. म्हणजे मनात काय मानता ते तुमचं, पण रस्त्यावर दिसता कामा नये.

आता तुम्हीच विचार करा. दर रविवारी शंभरावर माणसं एका घरात शिरतात, वर ऑर्गन वाजतो, आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही? शक्यच नाही. सगळ्यांना माहीत होतं. शहराच्या अधिकाऱ्यांना तर होतंच, कारण अशा चर्चांकडून ते पैसे घेत. बेंजामिन कॅप्लन या इतिहासकाराने २००२ च्या लेखात याला खासगीपणाची कल्पित कथा म्हटलं आहे. सगळ्यांनी मिळून ‘हे घरच आहे’ असं धरून चालायचं.

मग ‘लपलेलं चर्च’ हा शब्द आला कुठून? डच भाषेत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. त्या काळात कॅथलिकांना पुन्हा उघडपणे चर्च बांधता येऊ लागली होती. १८८७ मध्ये जवळच सेंट निकोलसचं मोठं चर्च उघडलं आणि १८८८ मध्ये कॅथलिकांच्याच एका मंडळाने हे घर वाचवून संग्रहालय केलं. ताठ मानेने वावरू लागलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांचं लपणं सांगायचं होतं. दुसरीकडे हीच वास्तू डच सहिष्णुतेचा पुरावा म्हणूनही दाखवतात. मला दोन्ही अर्धवट वाटतं. इथे उपासना चालत होती ती हक्क म्हणून नव्हे, मर्जीवर. आणि मर्जी कधीही फिरू शकते. त्या माळ्यावर गुडघे टेकणाऱ्याला हे रोज ठाऊक असणार.

म्हणून प्रबंधाच्या शीर्षकात एखादी संज्ञा घालण्याआधी ती कधी जन्मली ते जरूर तपासा. वास्तूलाही तोच प्रश्न विचारा. इथलं वेदीवरचं चित्र याकोब द विटचं, १७१६ चं, आणि भिंतींचा गुलाबीसर रंग एकोणिसाव्या शतकातल्या रूपाप्रमाणे पुन्हा दिलेला. हार्टमनचं चर्च बघायला गेलेला माणूस बराचसा त्याच्या नातवंडा-पणतवंडांच्या काळात उभा असतो.