शिधापत्रिका आणि खाऊचा डबा

सुरत आणि मराठी माणूस यांचा संबंध सांगावयाचा झाला म्हणजे १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम पुढे येतात. मग पिलाजीराव गायकवाडांचे सोनगड, चौथाईची भांडणे आणि शेवटी सोनगड, व्यारा, नवसारी हा गायकवाडी मुलूख १९४९ मध्ये बडोदे संस्थानाबरोबर मुंबई राज्यात विलीन झाला तो प्रसंग, असा क्रम आपण लावतो. हा इतिहास सांगितला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु जी मराठी कुटुंबे येथे येऊन तीन-चार पिढ्या राहिली, त्यांच्या रोजच्या जगण्याचा पत्ता या सनावळीत लागत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागते, आणि तेही महिन्याच्या पंचविसाव्या तारखेनंतर, म्हणजे डब्यांचे तळ दिसू लागल्यावर.

येथे आलेली मराठी कुटुंबे एका प्रकारची नव्हती. काही गायकवाडी कारभाराबरोबर या मुलखात आली. काही इंग्रजी अमलात कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांमुळे आली आणि नानपुरा, सगरामपुरा, गोपीपुरा अशा भागांत भाड्याच्या जागांत राहिली. तापीखोऱ्यातून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग झाल्यावर खानदेश सुरतेच्या जवळ आला. पुढे यंत्रमाग वाढले तसे धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कष्टकरी उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या बाजूंना वसले. कारकुनाचा ठरलेला पगार आणि मागावरच्या कामगाराची अनिश्चित मजुरी यांत मोठे अंतर होते, हे विसरून चालणार नाही. पण पगार असो वा मजुरी, महिना पुरा करणे ही जबाबदारी दोन्ही घरांत एकाच व्यक्तीकडे होती. ती व्यक्ती घरातील गृहिणी होती.

काटकसरीचे शास्त्र आपल्याकडे आधीच होते. रात्री उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, दोडक्याच्या शिरांची चटणी, भाजी नसेल त्या दिवशी पिठले. खानदेशी घरांत उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, पाटवड्या, डुबुकवडे आणि शेवेची भाजी. सुरतेत आल्यावर या शास्त्राला शेजारणीच्या शास्त्राची जोड मिळाली. आपली तांदळाची उकड आणि तिचे खिचू ही सख्खी भावंडे निघाली. आपला फोडणीचा भात तसे तिचे उरलेल्या भाताचे मुठिये. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा, तर तिच्याकडे वघारलेली रोटली. शेवेच्या भाजीला शेव-टमाट्याचे शाक भेटले. दोन्हीमागचे कारण एकच होते. भाजी महागली किंवा मिळेनाशी झाली म्हणजे हरभऱ्याचे पीठ कामी येते, ही समजूत कोणा एका भाषेची मालमत्ता नव्हे.

सुरतेच्या शिवारानेही हात दिला. येथील पापडी ही आपल्या वालाचीच जात असल्यामुळे कोकणातून आलेल्या घरांना बिरडे सोडावे लागले नाही. हिवाळ्यात कोवळ्या ज्वारीचा पोंक बाजारात आला की देशावरच्या माणसाला हुरड्याची आठवण होई. डांगची नागली म्हणजे आपली नाचणी. ओळखीचे धान्य निराळ्या नावाने मिळत गेले, आणि नव्या गावी अन्न परके वाटले नाही, याचे श्रेय या साधर्म्यालाही दिले पाहिजे.

तथापि आपल्या स्वयंपाकाला आजचे रूप आले ते केवळ आवडीनिवडीतून नव्हे. भाव आणि शिधावाटप यांनी त्यात मोठा वाटा उचलला. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले आणि मग ती पद्धत प्रांतातील इतर शहरांतही आली. १९४६ च्या आरंभी देशातील टंचाई इतकी वाढली की प्रौढ माणसाचा दैनंदिन शिधा १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम धान्यावर आणावा लागला. १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा लादली गेली. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ पर्यंत ती बऱ्याच अंशी दूर झाली. या दहा-अकरा वर्षांत भात खाणाऱ्या घराने मिळेल ते धान्य खाण्याची सवय केली. तांदूळ पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत पुढेही टिकली. तिला नंतरच्या पिढ्या कुळाचा रिवाज समजू लागल्या. प्रत्यक्षात तो टंचाईने घालून दिलेला नियम होता.

दुसरी खेप साठीच्या दशकात आली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक घरांनी सोमवारची रात्र पाळली. पी. एल. ४८० या करारान्वये आलेला अमेरिकन गहू रास्त भावाच्या दुकानातून मिळू लागला. त्याच्या पोळ्या मऊ होत नाहीत, अशी तक्रार तेव्हाच्या बहुतेक गृहिणींनी केली आहे. कणीक अधिक वेळ भिजवणे, तिच्यात थोडे मोहन घालणे, निम्मी ज्वारी मिसळणे, असे उपाय त्यांनी शोधले आणि एकमेकींना सांगितले. लग्नातील पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी मर्यादा आल्या तेव्हा पंक्तीच्या जागी अल्पोपाहार आला. तो पुढे फॅशन म्हणून रूढ झाला.

तिसरी खेप आमच्या पिढीने पाहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. अमेरिकेहून आलेली लालसर मिलो ज्वारी शिध्यात आली आणि दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली. गुजरातेत सुखडी म्हणजे कणीक, तूप आणि गूळ यांची वडी, आपली गुळपापडी. खानदेशातून त्या वर्षी सुरतेस आलेल्या माणसाच्या कानी तोच शब्द येथे मिठाईचे नाव म्हणून पडला. उपासमारीत मिळालेला घास आणि सणाचा पदार्थ यांना जवळजवळ एकच नाव असावे, यातील विसंगती त्याने कशी पचवली असेल याचा विचार मनात येतो.

त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांनी थाळ्या-लाटणी घेऊन मोर्चे काढले. गुजरातेत १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात भोजनखर्च वीस टक्क्यांनी वाढला, विद्यार्थी बिथरले, आणि त्या ठिणगीतून नवनिर्माण आंदोलन पेटले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. खाणावळीच्या बिलाने राज्याचे मंत्रिमंडळ खाली आले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्याच महिन्यांत शेंगदाणा तेलाची किटली महिनाभर पुरवणाऱ्या स्त्रियांची नोंद मात्र कोठेही नाही.

आता खाऊविषयी. टंचाईच्या काळातही मुलांना गोडधोड लागतेच, आणि ते देण्यात घरोघरी जी कल्पकता दिसे तिला तोड नाही. साखर कार्डावर मोजून मिळे. सणापुरती थोडी जादा साखर आली की तिची वाटणी आधीच ठरलेली असे. एरवी गुळावर भागवावे लागे. बेसनाचे लाडू परवडत नसतील तर रव्याचे, तेही नसतील तर कणकेचे, आणि काहीच नसेल तर शिळ्या पोळीचा चुरा, गूळ आणि चमचाभर तूप यांचा लाडू. हा पोळीचा लाडू मुलांना बेसनाच्या लाडवाहून अधिक आवडत असे. त्याचे कारण तो अनपेक्षितपणे मिळे, हे असावे.

या बाबतीत सुरत हे शहर गृहिणीचे सोबती ठरले. बिघडलेल्या, वाया गेलेल्या किंवा शिळ्या जिनसेतून पदार्थ उभा करण्याची येथील खोड जुनी आहे. खमण बिघडले आणि त्याचा लोचो झाला, असे येथे सांगतात. खमण कुस्करून सेव-खमणी होते. डचांच्या भट्टीचा वारसा सांगणाऱ्या दोटीवाला घराण्याविषयीही अशीच हकीकत प्रसिद्ध आहे. न खपलेला पाव सुकून कडक झाला, तो स्वस्तात विकला गेला, लोकांना आवडला, आणि त्यातून बिस्किटे व नानकटाई यांचा उद्योग वाढला, असे सांगितले जाते. आपल्या घरांनी या भट्ट्यांचा उपयोग आपल्या हिशेबाने केला. मैदा, रवा, साखर आणि वनस्पती तूप घरून न्यावयाचे, पत्र्याचा डबा बरोबर न्यावयाचा आणि केवळ भाजणावळ देऊन नानकटाई करून आणावयाची. तयार नानकटाईपेक्षा ती स्वस्त पडे. सुटीच्या दिवसांत भट्टीपुढे डब्यांची रांग लागे.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला सुरत घारी खाते. मावा आणि तूप यांनी जड असलेली घारी बेताच्या प्राप्तीच्या घराला परवडणारी नव्हती. तेव्हा आदल्या रात्री आपले आटीव दूध व्हावयाचे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सुमुलमुळे पुढे दूध नियमित मिळू लागले, तरी त्यात पिठी लावून ते दाट करण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी एखादी घारी आणून तिचे सहा किंवा आठ भाग करावयाचे. गावाचा सण पाळला जाई आणि महिन्याचा हिशेबही मोडत नसे.

येथवर जे लिहिले ते वाचून मन प्रसन्न होते. जुन्या चवींचे कौतुक करणारे मेळावे आपल्याकडे होतात, तेथेही असेच बोलले जाते. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. घारीचे आठ भाग झाले, तर घरात माणसे नऊ असताना नववा भाग कोणाचा राहिला?

आमच्या नोकरीतील काही वर्षे पुरवठा शाखेत गेली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या आणि त्यांची एकके असत. प्रौढाचे एक, लहान मुलाचे अर्धे. कागदावर घरातील स्त्रीचे एकक पुरुषाइतकेच पूर्ण होते. धान्य दुकानातून घरी येईपर्यंत ही समता टिके आणि चुलीपाशी ती संपे. आधी पुरुष, मग मुले, मग वृद्ध स्त्रिया, आणि शेवटी जिने रांधले ती. सरकारी हिशेबात जे तिच्या वाट्याचे होते, त्यातूनच पाहुण्याचा भात, मुलांचा लाडू आणि महिन्याची शिल्लक निघत असे. म्हणजे ज्याला आपण काटकसर म्हणतो, तिचा एक मोठा भाग तिच्या स्वतःच्या ताटातून कापलेला होता. शिळे वाया जात नसे, कारण ते बहुधा तीच खात असे.

यावर कोणी म्हणेल की हे तिने प्रेमाने केले, तिला अन्नपूर्णा म्हणून मान होता. प्रेम होते, याबद्दल शंका नाही. पण तिने मागितले असते तर तिला मिळाले असते का, हे कोणी तपासून पाहिले नाही. मान देणे सोपे होते, कारण त्याला शिधा लागत नाही.

आपल्या पाकपुस्तकांनीही याबाबतीत मौन पाळले आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र’पासून १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत मराठी पाकपुस्तकांची परंपरा समृद्ध आहे. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, आणि सासू-आजीपासून दूर परगावी संसार मांडणाऱ्या मुलींचा तो मोठा आधार झाला. सुरतेतील मराठी घरांतही त्याचे महत्त्व कमी नव्हते. परंतु किती वाट्या घ्याव्यात हे पुस्तक सांगते. वाढताना कोणाच्या वाटीत किती पडले, हे त्यात कसे येणार?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत वयस्क स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानावी, असे ठरवले. कायद्याने ताटातले बदलते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. फायलींचा अनुभव तसा नाही. तरीही एवढे खरे की जी व्यक्ती १९४३ पासून धान्याचा खरा हिशेब ठेवीत आली, तिचे नाव कागदाच्या पहिल्या ओळीवर येण्यास सत्तर वर्षे लागली.

आपल्यापैकी अनेकांनी अलीकडे घराण्याच्या वंशावळी तयार करून घेतल्या आहेत. मूळ गाव, कुलदैवत, कोण कोणत्या साली सुरतेस आला, हे सर्व त्यांत आहे. आमची सूचना अशी की त्या वहीत आणखी दोन-चार पाने घालावीत. घरात ऐंशी-नव्वदीच्या स्त्रिया असतील त्यांच्याजवळ बसून विचारावे की महिन्याचा बाजार किती रुपयांचा असे, तेल किती आणि साखर किती येई, घरात माणसे किती होती, आणि शेवटच्या पंगतीला काय उरत असे. पाककृती त्या आनंदाने सांगतील. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी ‘उरत असे हो पुरेसे’ म्हणून विषय बदलतील. तेव्हा तो पुन्हा एकदा विचारावा, आणि जे उत्तर येईल ते तारखेसह लिहून ठेवावे.